फायब्रोसिसच्या रुग्णाची धाप अचानक वाढते तेव्हा

फुप्फुसाच्या फायब्रोसिसमध्ये वायुकोशांच्या पातळ भिंती हळूहळू जाड आणि निबर होतात. बहुतेकांचा आजार महिन्या-वर्षांच्या गतीने पुढे सरकतो. काहींची प्रकृती मात्र चार-आठ दिवसांत ढासळते. बसल्या जागी धाप लागते, खोकला वाढतो, ऑक्सिमीटरवरचा नेहमीचा ९४ चा आकडा ८६ वर येतो. डॉक्टर याला ‘ॲक्यूट एक्झॅसर्बेशन’ म्हणतात. आयपीएफ, म्हणजे कारण न सापडणारा फायब्रोसिस, असलेल्या दर १०० रुग्णांपैकी साधारण ५ ते १५ जणांना वर्षभरात असा झटका येतो. आजार जितका पुढे गेलेला, तितका धोका जास्त. संधिवातामुळे किंवा ॲलर्जीमुळे झालेल्या फायब्रोसिसमध्येही तो येऊ शकतो.

२०१६ मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने ठरवलेले निकष असे: त्रास सहसा महिन्याभराच्या आत वाढलेला असावा, सीटी स्कॅनमध्ये दोन्ही फुप्फुसांत जुन्या व्रणांवर नवी धुरकट किंवा दाट पांढरी सावली दिसावी, आणि हृदय कमजोर झाल्याने किंवा शरीरात पाणी साठल्याने हे सगळं झालेलं नसावं. आत घडतं ते असं की वायुकोशांचं अस्तर सोलवटतं, रक्तातलं पाणी आणि प्रथिनं आत झिरपतात, आणि आधीच अपुरी असलेली प्राणवायूची देवाणघेवाण कोलमडते. निमित्त संसर्गाचं असतं, अन्न किंवा आम्ल श्वासनलिकेत उतरल्याचं असतं, एखाद्या औषधाचं असतं, कधी शस्त्रक्रियेचं. अनेकदा निमित्त सापडतच नाही.

पण प्रत्येक वाढलेली धाप म्हणजे हा झटका नव्हे, आणि आमच्या मते पहिल्या दोन दिवसांत सर्वांत जास्त लक्ष इथेच द्यायला हवं. न्यूमोनिया, फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी, छातीत हवा सुटून आकसलेलं फुप्फुस, हृदयविकार या सगळ्यांवर थेट उपचार आहेत. साध्या सीटीत गुठळी सहसा दिसत नाही. त्यासाठी शिरेतून रंगद्रव्य देऊन काढलेला स्कॅन लागतो. नवी सावली नवीच आहे हे जुना स्कॅन शेजारी ठेवल्याशिवाय सांगता येत नाही. म्हणून आधीच्या स्कॅनची सीडी, शेवटच्या फुंकण्याच्या तपासणीचा (स्पायरोमेट्रीचा) अहवाल आणि चालू औषधांची यादी एका पिशवीत तयार ठेवावी. यादीत हृदयाच्या ठोक्यांसाठीचं अमिओडॅरोन, संधिवातावरचं मेथोट्रेक्सेट किंवा लघवीच्या संसर्गावरचं नायट्रोफ्युरँटॉइन असेल तर ते मुद्दाम दाखवावं, कारण ही औषधं स्वतःच फुप्फुसाला इजा करू शकतात.

ऑक्सिमीटरचा आकडा बोट गरम असताना, नेलपॉलिश काढून, मिनिटभर थांबून घ्यावा. बसल्या जागचा नेहमीचा आकडा लिहून ठेवलेला असेल तर त्यापेक्षा ३-४ ने खाली येऊन तिथेच टिकलेला आकडा लगेच ओळखता येतो. तेव्हा ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं.

उपचारांबाबत स्पष्ट बोलायला हवं. प्राणवायू, प्रतिजैविकं आणि मोठ्या मात्रेतली स्टेरॉइड दिली जातात, पण स्टेरॉइडमागचा पुरावा तुटपुंजा आहे. स्टेरॉइडला सायक्लोफॉस्फमाइड या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाची जोड देऊन फ्रान्समध्ये चाचणी झाली. त्यात ३ महिन्यांत औषध घेतलेल्यांपैकी ४५ टक्के रुग्ण दगावले, न घेतलेल्यांपैकी ३१ टक्के. फरक योगायोगाचाही असू शकतो, पण फायदा नक्कीच दिसला नाही. व्हेंटिलेटरही बहुतेकांना तारत नाही, कारण कडक फुप्फुसात दाबाने हवा भरताना उरलेला चांगला भागही दुखावतो. फुप्फुस प्रत्यारोपणाच्या यादीतल्या रुग्णाचा विचार वेगळा करावा लागतो.

आयपीएफमध्ये असा झटका येऊन दाखल झालेल्यांपैकी जवळपास निम्मे रुग्णालयातच दगावतात. झटक्यानंतरचं आयुष्य मध्यकाने ३ ते ४ महिन्यांचं असतं, म्हणजे निम्म्यांचं त्याहून कमी, निम्म्यांचं जास्त. एरवी स्थिर असलेल्या आयपीएफच्या रुग्णाचा धोका मोजायला २०१२ पासून ‘गॅप’ गुणांक वापरतात. पुरुषाला १ गुण, वय ६१ ते ६५ ला १ आणि त्यापुढे २. फुंकण्याची क्षमता अपेक्षेच्या ५० ते ७५ टक्के असेल तर १, त्याखाली २. वायू रक्तात उतरण्याच्या तपासणीत (डीएलसीओ) ३६ ते ५५ टक्क्यांना १, त्याखाली २, आणि तपासणी जमलीच नाही तर ३. बेरीज ३ पर्यंत असेल तर वर्षभरात मृत्यूची शक्यता सुमारे ६ टक्के, ४-५ ला १६, आणि ६ ते ८ ला ३९. ही गटाची सरासरी आहे, एका माणसाची तारीख नव्हे. फुंकण्याची क्षमता ६ ते १२ महिन्यांत १० टक्क्यांनी घसरली, तर ती खूण या बेरजेइतकीच गंभीर मानावी.

निंटेडॅनिब आणि पिरफेनिडोन ही औषधं घसरण मंदावतात, जुने व्रण पुसत नाहीत. उलट्या-जुलाबांमुळे ती परस्पर बंद करू नयेत. मात्रा कमी करता येते. फ्लू आणि न्यूमोकॉकसची लस वेळेवर घ्यावी. शस्त्रक्रिया ठरली तर भूलतज्ज्ञाला फायब्रोसिस आधी सांगावा.

व्हेंटिलेटर हवा की नको, हा प्रश्न रुग्ण नीट बोलू शकतो तेव्हाच, ओपीडीत, घरच्यांसमोर विचारायला हवा. झटक्याच्या रात्री उत्तर देण्याइतका श्वास त्याच्याकडे नसतो. व्हेंटिलेटर नको म्हटलं तरी उपचार संपत नाहीत. नाकावाटे जोराच्या प्रवाहाने दिलेला प्राणवायू आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली अगदी कमी मात्रेतलं मॉर्फिन यांनी धापेची घुसमट बरीच कमी करता येते.