एकाच रक्ताचे दोन आकडे

‘ते रक्तातच असतं’ असं आपण सहज बोलून जातो. वंशाबद्दल तर बहुतेकांना हे अक्षरशः खरं वाटतं: रंग वेगळा म्हणजे आतलं शरीरही वेगळं. अमेरिकेत हा समज एका वैद्यकीय सूत्रात शिरला, सूत्र देशभरच्या रक्ततपासणी अहवालांत शिरलं आणि त्यापायी हजारो माणसं मूत्रपिंडासाठी गरजेपेक्षा जास्त थांबली. मला ही हकिकत फार अस्वस्थ करते. मनात कसलाही द्वेष नसलेले लोकही रोज तो एक गुणाकार करत होते.

आधी मूत्रपिंडाचं काम. दोन्ही मूत्रपिंडांत मिळून सुमारे 20 लाख सूक्ष्म गाळण्या असतात. त्या मिनिटाला साधारण 125 मिलिलिटर द्रव गाळतात, म्हणजे दिवसाला 180 लिटर! (त्यातलं जवळपास सगळं पाणी शरीर परत शोषून घेतं.) हा वेग थेट मोजणं किचकट असतं, म्हणून रक्तातल्या क्रिएटिनिनवरून अंदाज बांधतात. हा पदार्थ स्नायूंत रोज जवळपास सारख्याच प्रमाणात, आपोआप तयार होत राहतो.

आता यातली गंमत बघा. गाळलेला प्रत्येक मिलिलिटर आपल्यातलं क्रिएटिनिन घेऊन रक्ताबाहेर पडतो. समजा गाळण्याचा वेग निम्म्यावर आला. रोज तयार होणारं सगळं क्रिएटिनिन बाहेर टाकायचं, तर आता प्रत्येक मिलिलिटरमध्ये ते दुप्पट हवं. म्हणून रक्तातलं प्रमाण चढत जातं आणि दुपटीवर येऊन थांबतं. वेग पाव, तर प्रमाण चौपट. त्यामुळे क्रिएटिनिन (डेसिलिटरमागे मिलिग्रॅममध्ये) 0.9 चं 1.8 होतं तेव्हा निम्मी क्षमता गेलेली असते, आणि 3.6 चं 4.5 होतं तेव्हा, आकडा तेवढाच वाढूनही, मूळ क्षमतेतली जेमतेम पाच टक्के जाते. त्यात मूत्रपिंडातल्या नलिका थोडं क्रिएटिनिन स्वतंत्रपणे मूत्रात सोडतात, आणि गाळणी बिघडत जाते तसा हा वाटा वाढतो. म्हणून नुसता व्यस्त प्रमाणाचा हिशेब पुरत नाही. सूत्रात घातांक येतात.

खरी अडचण वेगळीच आहे. क्रिएटिनिन किती तयार होणार हे स्नायूंवर ठरतं आणि ते माणसागणिक बदलतं. म्हणून सूत्रात वय आणि लिंग घेतलं. 1999 च्या आणि मग 2009 च्या सूत्रात आणखी एक प्रश्न आला: रुग्ण कृष्णवर्णीय आहे का? असेल, तर 2009 च्या सूत्रानुसार उत्तराला 1.159 ने गुणायचं. अभ्यासातल्या कृष्णवर्णीय सहभागींमध्ये, गाळण्याचा वेग तोच असताना, क्रिएटिनिन सरासरीने जास्त निघालं होतं. ‘त्यांचे स्नायू जास्त असतात’ हे त्याचं कारण सांगितलं गेलं, आणि त्यामागचा पुरावा तोकडा होता. स्नायूंचा प्रश्न होता तर स्नायू मोजायचे. कातडीचा रंग कशाला विचारायचा?

55 वर्षांचा एक पुरुष घेऊ, क्रिएटिनिन 3.6. सूत्राचं उत्तर येतं मिनिटाला सुमारे 18 मिलिलिटर. तोच माणूस कृष्णवर्णीय म्हणून नोंदला, तर सुमारे 21. अमेरिकेत प्रत्यारोपणाच्या यादीतला थांबण्याचा काळ आकडा 20 किंवा त्याखाली आला की मोजायला लागतात. रक्त तेच, पण एकाचं घड्याळ सुरू झालं, दुसऱ्याचं नाही. अनेक प्रयोगशाळा तर एकाच अहवालावर दोन्ही आकडे छापत.

आणि कृष्णवर्णीय म्हणजे नेमकं कोण? आईवडिलांपैकी एकच कृष्णवर्णीय असेल तर कुठला आकडा खरा? ही वर्गवारी प्रयोगशाळेत जन्मलेलीच नाही. 1924 मध्ये व्हर्जिनिया राज्याने कायदा करून गोऱ्यांची व्याख्या ठरवली आणि त्यांचे इतरांशी विवाह बंद केले. अशा कायद्यांनी ती घडवली. निसर्ग ती पाळत नाही. एपीओएल1 या जनुकाची मूत्रपिंडविकाराचा धोका वाढवणारी रूपं पश्चिम आफ्रिकेत बरीच आढळतात, इथिओपियात जवळजवळ नाहीतच. दोघांनाही ‘कृष्णवर्णीय’ म्हटलं की नेमकी हीच माहिती पुसली जाते. 2005 मध्ये हृदयविकाराचं एक औषध खास कृष्णवर्णीयांसाठी म्हणून अमेरिकेत मंजूर झालं आणि भविष्यातल्या वैद्यकाची चाहूल म्हणून त्याचा गाजावाजा झाला. ज्या चाचणीवर ते मंजूर झालं, तिच्यात इतरांना घेतलंच नव्हतं! मग फरक कुठून कळणार?

अमेरिकेत कृष्णवर्णीय लोकसंख्येच्या सुमारे 13 टक्के आहेत, पण मूत्रपिंडं निकामी झालेल्यांत जवळपास एक तृतीयांश. जनुकांचा यात वाटा आहे. पण वेळेवर न सापडलेला मधुमेह, आटोक्यात न आलेला रक्तदाब, नसलेला विमा, उशिरा भेटलेला तज्ज्ञ, हे सगळं त्याच समाजरचनेतून आलेलं आहे, जिने आधी माणसांचे गट पाडले. आणि ज्यांना आजार जास्त, त्यांचाच आकडा सूत्र बरा दाखवत होतं.

2021 मध्ये वंश वगळलेलं नवं सूत्र आलं. सिस्टॅटिन-सी हे प्रथिन शरीरातल्या केंद्रक असलेल्या सगळ्या पेशी बनवतात, स्नायूंवर ते फारसं अवलंबून नाही. क्रिएटिनिनच्या जोडीला तेही मोजलं तर अंदाज आणखी नेमका येतो. जानेवारी 2023 पासून अमेरिकेतल्या प्रत्यारोपण केंद्रांना यादीतल्या कृष्णवर्णीय रुग्णांचे जुने अहवाल काढून त्यांचं घड्याळ मागे नेणं बंधनकारक झालं. पुढच्या सव्वा वर्षात 14,000 हून अधिक जणांचा थांबण्याचा काळ दुरुस्त झाला, सरासरी सुमारे दोन वर्षांनी. ही दुरुस्ती यादीत असलेल्यांचीच होऊ शकली. तोवर जे गेले, त्यांचे अहवाल कुणी काढणार नव्हतं.