आसऱ्यापासून खाटेपर्यंत : पॅलिएटिव्ह केअरमधल्या सिस्टरची पार्श्वभूमी

मडगावचं हॉस्पिसियो आणि म्हापशाचं आझिलो ही नावं गोव्यात अजून रोज तोंडी असतात. जिल्हा इस्पितळं नव्या इमारतींत गेली, तरी नावं सुटलेली नाहीत. दोन्ही पोर्तुगीज शब्दांचा मूळ अर्थ आसरा. आधी टेकायला जागा, मग उपचार. बरं न होणाऱ्या माणसाच्या सेवेला जगाने पुढे ‘हॉस्पिस’ म्हटलं, ते ‘हॉस्पिसियो’च्याच कुळातलं नाव. आजार बरा होणार नसला, तरी वेदना हलकी करणारी ही सेवा म्हणजेच पॅलिएटिव्ह केअर.

आधुनिक हॉस्पिसची सुरुवात एका नर्सपासून होते. सिसिली साँडर्स 1940 मध्ये इंग्लंडमध्ये नर्सिंग शिकू लागल्या, पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सोडावं लागलं. पुढे इस्पितळात समाजसेविका म्हणून काम करताना मरणाच्या दारातले रुग्ण त्यांनी जवळून पाहिले. दुखणं उसळायची वाट न पाहता ठरावीक वेळांनी मॉर्फिन द्यावं, हे त्यांना खाटेपाशीच कळलं होतं. पण नर्सचं कोण ऐकणार? डॉक्टर हो, तरच ऐकतील, असा सल्ला त्यांना एका सर्जनने दिला. त्या 1957 मध्ये डॉक्टर झाल्या आणि 1967 मध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस उभं राहिलं. मला या साऱ्या इतिहासात हीच गोष्ट सर्वांत बोचते. जे तिला नर्स म्हणून ठाऊक होतं, तेच पटवायला डॉक्टरची पदवी लागली.

अमेरिकेत येल विद्यापीठाच्या नर्सिंग विभागाच्या डीन फ्लॉरेन्स वॉल्ड यांनी साँडर्सचं व्याख्यान ऐकलं, पुढे डीनपद सोडलं आणि तिथलं पहिलं हॉस्पिस उभारण्यात पुढाकार घेतला. त्या मात्र नर्सच राहिल्या.

भारतात 1986 मध्ये वांद्र्याला शांती अवेदना हे पहिलं हॉस्पिस सुरू झालं. त्याची एक शाखा गोव्यात, आपल्या सासष्टीतल्या लोटलीला आली. पण त्याच सुमारास, 1985 च्या अमली पदार्थ कायद्याने मॉर्फिन जवळपास कुलूपबंद केलं. परवान्यांच्या कटकटीपायी औषध ठेवणंच अनेकांनी सोडलं, आणि कण्हणाऱ्या माणसापुढे रिकाम्या हाताने उभी राहायची ती सिस्टरच. त्या कायद्यात सुधारणा व्हायला 2014 उजाडलं. दरम्यान केरळने वाट काढली होती. 1993 मध्ये कालिकतच्या मेडिकल कॉलेजात वेदना निवारण क्लिनिक निघालं, 2008 मध्ये राज्याचं धोरण आलं आणि पंचायतीच्या आधाराने नर्स घरोघरी जाऊ लागल्या. तिथे या सेवेचा कणा नर्सच आहे.

नर्सचं नेतृत्व म्हणजे काय, हे मी आईच्या आजारपणात आमच्या घरी पाहिलं. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, आठ दिवसांवर होती; गणपतीच्या वर फळांची माटोळी बांधायची होती. घरी येणाऱ्या सिस्टरने आईला विचारलं, दुखणं शून्य ते दहांत किती? आई म्हणाली, “दुखणं राहू दे गो, माटोळीचं सामान कोण आणणार?” सिस्टरने वहीत लिहिलं : सहा. माटोळीची काळजी. मग डॉक्टरांना फोन लावून सांगितलं, गोळीचा असर चार तास पुरत नाही. डोस वाढला. पोट साफ राहण्याचं औषध चुकवू नका, असं आम्हाला बजावलं, ओल्या कापसाने आईचं तोंड कसं पुसायचं ते दाखवलं आणि म्हणाली, “आधी सामान आणा, आईंना दिसेल असं मांडा.” सुपाऱ्या, नारळ, तोरिंगां खाटेसमोर मांडली. रात्री आकडा तीन होता. शरीर, मन, नाती, श्रद्धा यांची वेदना एकच असते, हे साँडर्स यांचं म्हणणं मला त्या रात्री उमगलं.

वेदनेचं मोजमाप, औषधाची जाण, कुटुंबाला शिकवणं, अवघड बोलणं, मधेच डॉक्टरला अडवून सांगण्याचं धैर्य: या कामाला हल्ली ‘व्यावसायिक क्षमता’ म्हणतात. भारतीय परिचर्या परिषदेच्या 2021 च्या बीएस्सी अभ्यासक्रमात पॅलिएटिव्ह केअरचा भाग आला, हे फार मोलाचं. लिव्हिंग विल, म्हणजे शेवटच्या काळात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेला कागद. त्याला सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये मान्यता दिली आणि 2023 मध्ये त्याची पद्धत सोपी केली. 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे तेव्हाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी आपलं लिव्हिंग विल नोंदवलं. असा कागद कपाटात असला, तरी रात्री दोनला श्वास अडकतो तेव्हा घरच्यांना शांतपणे त्याची आठवण करून देणारं कुणीतरी लागतं.

आमच्याकडे येणारी सिस्टर पुढच्या वर्षी बदली होऊन बाळंतिणींच्या वॉर्डात गेली. तिची वही, तिच्या साऱ्या घरांच्या नोंदींसकट, कुणाच्या हाती द्यायची, हे कोणत्याच आदेशात लिहिलेलं नव्हतं.