पाच डॉलरच्या नोटेवरचा परका टोप

अमेरिकेने 1899 मध्ये काढलेल्या पाच डॉलरच्या नोटेवर मधोमध रनिंग अँटिलोप यांचा चेहरा आहे. ते लकोटा या अमेरिकेतल्या मूळ रहिवासी जमातीच्या हंकपापा शाखेचे सरदार. नोटेसाठी आधार घेतला तो 1872 मध्ये वॉशिंग्टनला अलेक्झांडर गार्डनरने काढलेल्या त्यांच्या फोटोचा. पण त्यांच्या डोक्यावरची पिसं उंच, चौकटीत मावेनात. मग कोरणाऱ्याने पिसांचा दुसरा टोप चढवला, तो पॉनी जमातीचा. पॉनी म्हणजे लकोटांचे पिढीजात वैरी.

ही चूक किती मोठी, हे कळायला तो पोशाख काय सांगतो ते माहीत हवं. 'शिरपेचात तुरा' हा आपल्याकडे आता वाक्प्रचार म्हणून उरला आहे. लकोटांमध्ये गरुडाचं पीस खरोखर कमवावं लागे. लढाईतल्या एकेका पराक्रमामागे एकेक पीस, आणि त्याला चारचौघांची साक्ष. टोपाइतकाच मान केसांच्या झालरीच्या अंगरख्याला. ते केस शत्रूच्या मुंडक्यावरचे, असं बाहेरचे लोक सर्रास समजत. पण त्यांत आप्तस्वकीयांनी दिलेल्या बटाही असत. ज्यांची जबाबदारी अंगावर घेतली, ती माणसं त्या झालरीत असत.

चित्रांची सुरुवात कॅमेऱ्याच्या आधीची. 1832 मध्ये जॉर्ज कॅटलिन मिसुरी नदीने फोर्ट पिएरला पोहोचला आणि त्याने तिथे लकोटांची व्यक्तिचित्रं रंगवली. पुढे 1868 मध्ये अमेरिकी सरकार आणि लकोटा यांच्यात फोर्ट लॅरमी करार झाला, सरदारांची शिष्टमंडळं वॉशिंग्टनला जाऊ लागली आणि स्टुडिओत बसणं हा त्या दौऱ्याचाच भाग झाला. तिथे काही वेळा स्टुडिओतलेच कपडे अंगावर चढवले जात, त्यामुळे एकच अंगरखा वेगवेगळ्या माणसांच्या अंगावर दिसतो. असे फोटो पाहून पोशाखाचा इतिहास लिहायला गेलं तर फसगत ठरलेली.

तरीही समोर बसणारी माणसं बाहुल्या नव्हती. लकोटा सरदार रेड क्लाउड 1870 मध्ये वॉशिंग्टनला आले. त्यांचे पहिले फोटो मात्र 1872 चे. त्यानंतर त्यांचे सव्वाशेहून अधिक फोटो निघाले. 1880 च्या दशकात ते कोट-सुटातही दिसतात, तर उतारवयातल्या अनेक फोटोंत डोक्यावर टोप आहे. कुणासमोर काय घालून जायचं याचा त्यांचा हिशेब होता, असं मला ते फोटो पाहताना ठामपणे वाटतं. लकोटा योद्धे क्रेझी हॉर्स यांनी तर, माहितीप्रमाणे, कॅमेऱ्यापुढे बसणंच टाळलं. 1877 मध्ये ते मारले गेले. त्यांचा म्हणून खात्रीने सांगता येईल असा एकही फोटो नाही.

1883 च्या सरकारी नियमांनी सूर्यनृत्यासारखे विधी गुन्हा ठरवले. म्हणजे मूळ रहिवाशांसाठी राखलेल्या प्रदेशात ज्या समारंभांवर बंदी, त्यांचाच पोशाख शहरातल्या स्टुडिओंना आणि बफेलो बिलच्या 'वाइल्ड वेस्ट' या फिरत्या खेळाला हवा होता. त्या खेळातले काही लकोटा 1898 मध्ये न्यूयॉर्कला गर्ट्रूड केझबिअर या छायाचित्रकर्तीकडे आले. त्यांतल्या आयर्न टेल यांना तिने पिसं आणि दागिने उतरवायला सांगितलं. तिला 'खरा' माणूस टिपायचा होता. ते काही न बोलता बसले. नंतर छापलेला फोटो हातात आला तेव्हा त्यांनी तो फाडून टाकला. केझबिअरने पुन्हा फोटो काढला, या वेळी संपूर्ण पोशाखात, टोपासह. तो त्यांना पसंत पडला.