मिनियापोलिस प्रयोग (घरगुती मारहाण आणि अटक)

नवरा बायकोला मारतोय असा फोन आला की पोलिसांनी त्याला उचलायचं की समजूत घालून परत यायचं, हे तपासायला लॉरेन्स शर्मन आणि रिचर्ड बर्क यांनी अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात १९८१-८२ मध्ये केलेला प्रयोग. तोवर तिथेही घरचं भांडण घरात मिटवा हाच खाक्या होता.

पोलिसांना रंगीत फॉर्मचं पॅड दिलेलं, वरच्या फॉर्मचा जो रंग तेच करायचं: अटक, समजावणं, नाहीतर त्याला आठ तास घराबाहेर काढणं. गंभीर जखमांच्या केसेस यात नव्हत्या. आता पॅड हातातच, पुढचा रंग कोणता ते आधीच कळणार, म्हणजे मनासारखी केस निवडायला वाव होताच, शिवाय २८ टक्के केसेस तीनच पोलिसांनी आणलेल्या. एकूण ३१४ केसेस. सहा महिन्यांत पोलीस रेकॉर्डप्रमाणे पुन्हा मारहाण झाली ती अटकेनंतर १० टक्के, समजावल्यावर १९ आणि बाहेर काढल्यावर २४ टक्के. अटक म्हणजे तरी काय, बहुतेक जण आठवड्याभरात सुटले, शिक्षा जवळपास कोणालाच नाही.

१९८४ मध्ये निकाल छापून आला आणि पेपरवाल्यांनी उचलून धरला. त्याच सुमारास कनेक्टिकटमध्ये थर्मन विरुद्ध टॉरिंग्टन खटल्यात, बाईला वाचवलं नाही म्हणून शहरावरच भरपाईची वेळ आली, मग काय, राज्यामागून राज्य अटक सक्तीची करत गेलं. एकाच शहराच्या भरवशावर घाई करू नका, आधी प्रयोग पुन्हा करा असं खुद्द शर्मन सांगत होते पण थांबतंय कोण.

नंतर ओमाहा, शार्लट, मिलवॉकी, कोलोरॅडो स्प्रिंग्ज आणि मायामीत तो पुन्हा झाला आणि सगळी खिचडी. मिलवॉकीत नोकरीवाला अटकेनंतर वचकला, बेकार माणूस उलट जास्त मारायला लागला, ज्याच्याकडे गमवायला काही नाही त्याला कोठडीची काय भीती! ओमाहात पोलीस यायच्या आत पळालेल्यांवर नुसतं वॉरंट काढलं तरी फरक पडला. २००१ मध्ये पाच शहरांच्या केसेस एकत्र केल्या तेव्हा अटकेचा फायदा दिसला, पण थोडाच.

२०१५ मध्ये शर्मन आणि हीदर हॅरिस यांनी मिलवॉकीतल्या त्याच बायकांचं २३ वर्षांनी काय झालं ते पाहिलं. ज्यांच्या नवऱ्याला किंवा पार्टनरला अटक झाली होती त्यांच्यातले मृत्यू नुसती ताकीद दिलेल्यांपेक्षा ६४ टक्क्यांनी जास्त, कृष्णवर्णीय बायकांत तर ९८ टक्क्यांनी. आणि यातले बहुतेक मृत्यू खून नव्हतेच, हृदयविकारासारख्या आजारांनी झालेले.