ईवा इबटसन : भुतांना घर शोधून देणाऱ्या लेखिका
ग्राहकांसाठी माहितीपत्रक

भुताचं पुस्तक मागवताना पालक हमखास विचारतात, मूल रात्री घाबरणार तर नाही ना? ईवा इबटसन यांच्या पुस्तकांनी सहसा झोप उडत नाही. एक-दोन ठिकाणी मरणाचा विषय मात्र सरळ समोर येतो, तेवढी तयारी ठेवावी. त्यांची भुतं माणसांच्या मानगुटीवर बसत नाहीत. ती बेघर झालेली असतात आणि राहायला जागा शोधत असतात. हे कुठून आलं ते बाईंचं आयुष्य पाहिलं की कळतं.

त्यांचा जन्म 1925 साली व्हिएन्नात झाला. वडील शरीरक्रियाशास्त्रज्ञ, आई आना ग्माइनर कादंबरीकार आणि नाटककार, दोघंही ज्यू घराण्यातले. आईवडील लवकरच वेगळे झाले आणि मुलीचं बालपण कधी आईकडे, कधी वडिलांकडे, कधी आजोळी असं गेलं. हिटलर सत्तेवर आल्यावर ऑस्ट्रियाही सुरक्षित राहिला नाही. वडिलांनी एडिंबरा गाठलं, आई लंडनला आली आणि लेकही इंग्लंडात पोहोचली. डार्टिंग्टन हॉल या मोकळ्या वातावरणाच्या निवासी शाळेत ती शिकली. पुढे लंडनच्या बेडफर्ड कॉलेजातून 1945 मध्ये शरीरक्रियाशास्त्राची पदवी घेतली, केंब्रिजला संशोधनही सुरू केलं. पण प्राण्यांवर प्रयोग करणं मनाला पटेना, म्हणून तो रस्ता सोडला. निसर्गअभ्यासक ॲलन इबटसन यांच्याशी लग्न करून त्या न्यूकॅसलला स्थायिक झाल्या. चार मुलं वाढवता वाढवता मासिकांसाठी कथा लिहिल्या, शिक्षिकेचं प्रशिक्षणही घेतलं.

मुलांसाठीचं पहिलं पुस्तक, ‘द ग्रेट घोस्ट रेस्क्यू’, 1975 मध्ये आलं, म्हणजे वयाच्या पन्नाशीत! त्यात एका जुन्या किल्ल्यातलं भुतांचं कुटुंब देशोधडीला लागतं. रिक नावाचा शाळकरी मुलगा त्यांची बाजू घेतो आणि भुतांसाठी अभयारण्य हवं, ही मागणी थेट पंतप्रधानांपर्यंत नेतो. दुर्मीळ प्राण्यांना अभयारण्य, मग भुतांना का नाही, हा त्याचा बिनतोड मुद्दा मुलांना लगेच पटतो.

पण सुरुवात ‘डायल अ घोस्ट’पासून करा, असं आमचं ठाम मत आहे. दोन बायका एक संस्था चालवतात. बेघर भुतांना घर आणि ज्या घरमालकांना भुतं हवीत त्यांना भुतं मिळवून देणं हे तिचं काम. विल्किन्सन कुटुंब दुसऱ्या महायुद्धात घरावर बॉम्ब पडून एका फटक्यात भूत झालेलं. आजीची छत्री सुटलेली नाही आणि पाळलेला पोपटही भूत होऊन सोबत आलाय. बिचारे लंडनमधल्या अंतर्वस्त्रांच्या दुकानात दिवस काढतात आणि तिथे त्यांचा जीव गुदमरतो. संस्था त्यांना जोगिणींच्या मठात जागा मिळवून देते. दुसरीकडे एका प्रचंड वाड्यात पाठवायला महाभयंकर किंचाळणारं जोडपं निवडलेलं असतं. कारण त्या वाड्याचा नवा वारस, अनाथ आणि दम्याचा विकार असलेला ऑलिव्हर, भीतीनेच मरावा असा नातेवाइकांचा डाव असतो. संस्थेतल्या पोऱ्याच्या हातून कागदांची अदलाबदल होते आणि प्रेमळ विल्किन्सन मंडळी ऑलिव्हरच्या वाड्यावर येऊन धडकतात.

हे पुस्तक आठ वर्षांच्या मुलाला वाचून दाखवायला उत्तम. मात्र बॉम्बचा प्रसंग अगदी सुरुवातीला येतो. आधी स्वतः वाचा, आणि मुलाने विचारलं तर तिथेच थांबून युद्धाबद्दल दोन वाक्यं सांगा. प्रसंग घाईने उरकला तर पुढची गंमत मुलाच्या हाती लागत नाही, कारण ही माणसं मेलेली असूनही एकत्र आहेत, याच दिलाशावर सगळी गोष्ट उभी आहे. रोज एकच प्रकरण पुरे.

त्यानंतर ‘द सीक्रेट ऑफ प्लॅटफॉर्म थर्टीन’ (1994) घ्या. लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनवरच्या वापरात नसलेल्या फलाटाखाली जादूच्या बेटाकडे जाणारी वाट असते आणि ती नऊ वर्षांतून फक्त नऊ दिवस उघडते. याच स्टेशनवरच्या जादूच्या फलाटामुळे गाजलेल्या हॅरी पॉटरचं पहिलं पुस्तक याच्यानंतर तीन वर्षांनी आलं, हे मुलांना आवर्जून सांगा. ‘विच विच?’ (1979) मूल नऊ वर्षांचं झाल्यावरच द्यावं. चेटकिणींची स्पर्धा धमाल आहे, पण त्यात सात बायकांचा खून केलेल्या सरदाराचं भूत आहे.

घोटाळा होतो तो नावांमुळे. ब्रिटनमधलं ‘मॉन्स्टर मिशन’ आणि अमेरिकेतलं ‘आयलंड ऑफ द आंट्स’ हे एकच पुस्तक. ‘द हॉन्टिंग ऑफ हायरम’ हेच अमेरिकेत ‘द हॉन्टिंग ऑफ ग्रॅनाइट फॉल्स’. मुखपृष्ठावरची चित्रंही वेगळी असल्याने दोन प्रती घरात येतात आणि मूल हिरमुसतं. मागणी नोंदवण्याआधी मलपृष्ठावरचा मजकूर आणि पात्रांची नावं ताडून पाहा.

‘जर्नी टू द रिव्हर सी’ (2001) हे त्यांचं सर्वाधिक गाजलेलं पुस्तक, पण त्यात भूत नाही. 1998 मध्ये पती वारले, त्यानंतर विनोदी लिहायला मन धजेना, तेव्हा त्यांनी ॲमेझॉनच्या जंगलात जाणाऱ्या माया या अनाथ मुलीची ही साहसकथा लिहिली. या पुस्तकाला मुलांच्या पुस्तकांसाठीच्या ब्रिटनमधल्या स्मार्टीज पारितोषिकाचं सुवर्णपदक मिळालं. भुतांच्या आशेने मागवलं तर निराशा होईल. दहा वर्षांच्या चांगल्या वाचकाला मात्र डोळे मिटून द्या. भुतांकडे बाई ‘द बीस्ट्स ऑफ क्लॉस्टोन कॅसल’मध्ये (2005) परतल्या. त्यात जादूगाराच्या करवतीने दोन तुकडे झालेली सुनीता नावाची भूतमुलगी आहे. आपल्याकडच्या मुलांना तीच सर्वांत आवडेल, असा आमचा अंदाज आहे.

बाई ऑक्टोबर 2010 मध्ये न्यूकॅसलला वारल्या. ‘वन डॉग अँड हिज बॉय’ पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालं.

शेवटची एक सूचना. ‘मॅजिक फ्लूट्स’, ‘द मॉर्निंग गिफ्ट’ यांसारख्या त्यांच्या प्रेमकादंबऱ्या मोठ्यांसाठी आहेत. पुढे त्यांतल्या काही किशोरवयीनांसाठीच्या मुखपृष्ठांनी, काही तर नाव बदलूनही निघाल्या. त्यामुळे फक्त लेखिकेचं नाव सांगून मागणी नोंदवली तर चुकीचं पुस्तक येऊ शकतं. पुस्तकाचं पूर्ण नाव द्या आणि शेजारी मुलाचं वय लिहा.