हिंगाष्टक चूर्ण

हिंगाष्टक चूर्ण : अपचन, पोटफुगी आणि मंदावलेली भूक यांवर घेतले जाणारे आठ जिनसांचे आयुर्वेदीय चूर्ण, संस्कृत नाव हिंग्वष्टक. सुंठ, मिरी, पिंपळी, ओवा, सैंधव, जिरे, शहाजिरे आणि हिंग हे त्याचे घटक. यातली पिंपळी तेवढी काष्ठौषधीच्या दुकानातून आणावी लागते. बाकीचे जिन्नस बहुतेक मराठी घरांत मिसळणाच्या डब्यात किंवा शेजारच्या फळीवर सापडतात.

अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात गुल्माच्या, म्हणजे पोटातल्या गोळ्याच्या, चिकित्सेत याचा पाठ (कृती) येतो. मूळ पाठात ओव्याऐवजी अजमोदा आहे. व्यवहारात ओवाच वापरतात. हिंगाला तिथे ‘आठवा भाग’ म्हटले आहे. त्याचे दोन अर्थ लावतात : इतर सात जिनसांपैकी प्रत्येकाइतकाच हिंग, किंवा त्यांच्यापैकी एकाच्या आठव्या हिश्शाइतका. पहिल्या अर्थाने केलेले चूर्ण चांगलेच उग्र होते. शहाजिरे पारखून घ्यावे, कारण ‘काळे जिरे’ मागितले की काही दुकानदार कलौंजी बांधून देतात.

हिंग नेहमी तुपात तळून, फुलवून मगच कुटतात. कच्चा हिंग घशाला लागतो आणि त्याचा चिकट खडा नीट कुटलाही जात नाही. हा खडा म्हणजे इराण, अफगाणिस्तान व मध्य आशियात वाढणाऱ्या फेरुला प्रजातीच्या झाडांच्या मुळातला वाळलेला चीक. भारतात तो शतकानुशतके आयातच होत आला; हिमाचल प्रदेशातल्या लाहौल खोऱ्यात त्याच्या लागवडीचा प्रयोग 2020 मध्ये सुरू झाला. डबीतल्या नेहमीच्या हिंगात पीठ व डिंक मिसळलेला असतो. फोडणीला तो चालतो, चूर्णाला खडा हिंगच घ्यावा.

चूर्ण घेण्याची वेळ पाठातच ठरवून दिली आहे : तुपात कालवून, जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर. आपल्याकडे जेवणाची सुरुवात वरण-भात-तुपाने करायची पद्धत असल्याने हा घास आयताच मिळतो. पाव-अर्धा चमचा चूर्ण त्यातच कालवायचे. ओव्यातला थायमॉल आणि मिरीतले पिपरिन ही द्रव्ये पाण्यात फारसे विरघळत नाहीत, तुपात विरघळतात. तिखट-खारट चवीने लाळही सुटते. तडस लागेपर्यंत जेवून वर हेच चूर्ण पाण्याबरोबर ढकलण्याची रीत सोयीची असेल, पण मूळ कल्पना भूक जागवण्याची आहे, जास्त झालेले जिरवण्याची नव्हे. ताकातून घेण्याचा प्रघात मात्र जुना आहे आणि चवीलाही बरा.

वाल, पावटे, हरभरे अशा वातूळ पदार्थांच्या फोडणीत हिंग, जिरे किंवा ओवा पडतो, त्यामागेही पचनाला हातभार लावण्याचाच विचार दिसतो. तान्ह्या बाळाचे पोट फुगले की बेंबीभोवती हिंगाचा लेप लावतात. पोटात मात्र हिंग देऊ नये, त्याने बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत.

चूर्ण उष्ण मानले जाते. जळजळ, आम्लपित्त किंवा पोटात व्रण (अल्सर) असणाऱ्यांनी ते टाळावे. उच्च रक्तदाब असलेल्यांनी त्यातल्या मिठाचा हिशेब ठेवावा. गरोदरपणी किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असताना वैद्याला विचारूनच घ्यावे. पोटदुखीबरोबर ताप, उलट्या किंवा शौचातून रक्त असेल, तर हे चूर्ण शोधत न बसता दवाखाना गाठावा.