टास वापरून एम्युलेटर तपासणं

टास म्हणजे टूल-असिस्टेड स्पीडरन. गेम एम्युलेटरवर (जुन्या कन्सोलची कॉम्प्युटरवर नक्कल करणारा प्रोग्रॅम) एकेक फ्रेम, म्हणजे पडद्यावरचं एकेक चित्र, सरकवत खेळायचा, चुकलं की सेव्ह स्टेट (त्या क्षणाची साठवलेली अवस्था) लोड करून मागे यायचं, असं करत कमीत कमी वेळात संपवायचा. शेवटी हातात उरते ती बटणांची फाईल, कुठल्या फ्रेमला काय दाबलंय एवढंच तिच्यात असतं, एनईएसवर (निन्टेंडोचा जुना कन्सोल) सेकंदाला साधारण ६० फ्रेम म्हणजे २० मिनिटांच्या रनला ७२,००० ओळी होतात.

या फाईलला समोर काय चाललंय ते दिसत नाही आणि म्हणूनच ती तपासणीला इतकी भारी. एम्युलेटरचं टायमिंग एका फ्रेमने जरी चुकलं तरी मारिओ उशिरा उडी मारतो, खड्ड्यात जातो आणि पुढची बटणं नुसतीच दाबली जात राहतात. याला डिसिंक म्हणतात. बहुतेक वेळा घोळ लॅग फ्रेमचा असतो: एनईएसचा प्रोसेसर एका फ्रेममध्ये साधारण २९,७८० सायकल (घड्याळाचे ठोके) चालतो, तेवढ्यात गेमचं काम उरकलं नाही तर बरेच गेम त्या फ्रेमला कंट्रोलर वाचतच नाहीत, मग एम्युलेटरने सायकल मोजताना थोडी जरी गफलत केली की लॅग भलत्याच फ्रेमला येतो.

टेस्ट रॉम (एम्युलेटर तपासायलाच लिहिलेला छोटा प्रोग्रॅम) एखादीच गोष्ट तपासतो, टास मात्र अख्खा गेम पिळून काढतो. पण बिघडलंय एवढंच तो सांगतो, कुठे ते नाही. मारिओ पडला तिसऱ्या लेव्हलला, चूक झालेली असते पहिल्या लेव्हललाच. म्हणून एम्युलेटरच्या जुन्या आणि नव्या व्हर्जनवर तीच फाईल चालवून दर फ्रेमची रॅम जुळवून बघतात, पहिला फरक दिसेल तिथून शोध सुरू.

आणि फाईल ज्या एम्युलेटरवर बनली तोच चुकीचा असला तर? मग खरा निकाल कन्सोलवरच लागतो. कंट्रोलरच्या पोर्टला सर्किट जोडायचं, कन्सोलने बटणं विचारली की ते फाईलमधली पुढची ओळ देतं. असं करणारा टासबॉट २०१४ च्या ऑसम गेम्स डन क्विक या स्पीडरनच्या कार्यक्रमात दिसला, तिथे सुपर मारिओ वर्ल्डच्या आतच पाँग आणि स्नेक चालवून दाखवले होते. तरी एसएनईएस (एनईएसनंतरचा निन्टेंडोचा कन्सोल) त्रास देतोच, त्याच्या साउंड चिपचं घड्याळ वेगळं असतं आणि ते मुख्य घड्याळाशी तंतोतंत जुळून चालत नाही, त्यामुळे आवाजाच्या चिपची वाट बघणारा गेम खऱ्या मशीनवरही दर वेळी सारखा चालेलच असं नाही, तिथे डिसिंक झाला म्हणून लगेच एम्युलेटरला दोष देऊ नये.